ज्याची त्याची अमेरिका

मनुष्य सुखाच्या मागें धांवतो, हें सांगावयास कोणा तत्त्ववेत्त्याची गरज नाहीं. बालक खाऊच्या पुड्याकडे धांवतें, विद्यार्थी सुट्टीची वाट पाहतो, आणि त्याचे वडील पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसतात. परंतु सुख म्हणजे नेमकें काय, असा प्रश्न कोणी आडवा येऊन विचारिला, तर आपण बहुधा गोंधळतों; आणि स्वातंत्र्य म्हणजे काय असें विचारिलें, तर अधिकच गोंधळतों. मग हे दोन्ही प्रश्न टाळण्यासाठीं एखाद्या दूरच्या देशाचें नांव सांगून आपण मोकळे होतों. आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलांमुलींत आजकाल ह्या देशाचें नांव बहुतेक वेळां ‘अमेरिका’ असें असतें.

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गास आम्हीं निबंधासाठीं विषय दिला होता: ‘मला अमेरिका कशासाठीं हवी?’ निबंध तपासावयास बसलों तेव्हां आमची करमणूकही झाली आणि आश्चर्यही वाटलें. एकाला तेथें स्वतःची अशी खोली हवी होती; कारण त्याच्या घरीं पांच माणसें एका खोलींत निजतात. एका मुलीनें लिहिलें होतें कीं, तेथें सायंकाळीं उशिरा घरीं आल्यास ‘कोठें होतीस?’ असें कोणी विचारीत नाहीं. एकाला अंतराळयानें बांधावयाचीं होतीं. दुसऱ्या एकानें लिहिलें, ‘तेथें आडनांवावरून जात ताडणारा कोणी नसेल.’ आणि शेवटच्या बांकावरील एका मुलानें दोनच वाक्यें लिहिलीं होतीं: ‘मला अमेरिका नको. तेथें आजी नसेल.’ वर्ग एक, विषय एक, देशही एकच. परंतु अमेरिका मात्र जितकीं मुलें तितक्या! एक गोष्ट तेवढी बहुतेक निबंधांत समान होती. ज्याला जें येथें मिळत नव्हतें, तें त्यानें त्या देशांत आधींच नेऊन ठेविलें होतें.

त्या देशाच्या पायांतच हा विषय घातलेला आहे. इ. स. १७७६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाचें स्वामित्व झुगारून जो जाहीरनामा काढिला, त्यांत मनुष्याच्या जन्मसिद्ध हक्कांपैकीं तीन नांवानिशीं सांगितले आहेत: जीविताचा, स्वातंत्र्याचा आणि सुखाच्या शोधाचा. तिसऱ्या हक्काचे शब्द वाचकांनीं नीट पाहावे. तो सुखाचा हक्क नव्हे, सुखाच्या शोधाचा हक्क आहे. राज्यानें रस्ता मोकळा ठेवावा. चालणें ज्याचें त्यानें, आणि कोणत्या गांवास जावयाचें हें ठरविणेंही ज्याचें त्यानें. हा मसुदा लिहिणारे थॉमस जेफर्सन स्वतः शेंकडों गुलामांचे धनी होते, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. नाहीं तर चित्र एकांगी होईल. ‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग त्या मानानें अलीकडचा. जेम्स ट्रस्लो ॲडम्स नांवाच्या इतिहासकारानें १९३१ सालीं, महामंदीच्या दिवसांत लिहिलेल्या एका ग्रंथामुळें तो रूढ झाला. त्या ग्रंथांतच त्यानें बजावलें आहे कीं, हें स्वप्न केवळ मोटारींचें व मोठ्या पगाराचें नाहीं. जन्म कोणाच्याही पोटीं झालेला असो, प्रत्येक स्त्रीपुरुषास आपल्या अंगच्या गुणांप्रमाणें पूर्ण उंचीस पोंचतां यावें, अशा समाजाचें तें स्वप्न आहे.

इतक्या मोठ्या विषयाचा उलगडा करण्यासाठीं फार दूर जावें लागेल, असें कोणास वाटेल. आमच्या मतें स्वारगेटच्या चौकापर्यंत गेलें तरी पुरे. देशभक्त केशवराव जेधे यांचें नांव धारण करणारा हा चौक म्हणजे पुण्याचें दक्षिणद्वारच होय. सातारा, सांगली, कोल्हापुराकडे आणि घाट उतरून महाडकडे जाणाऱ्या एस. टी. च्या गाड्या येथून सुटतात. शहरांतील बसगाड्या येथें येऊन वळतात. आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून भुयारांतील मेट्रोही येथें येऊन थांबते. एका अंगास सारसबाग, तिच्या मागें पर्वती. गांठोडें डोक्यावर आणि मूल कडेवर घेऊन गाडींतून उतरणारी बाई, आणि चाकांची मोठी बॅग ओढीत विमानतळाकडे निघालेला तरुण, हीं दोन्ही माणसें येथें एकाच वेळीं दृष्टीस पडतात. दोघांच्याही डोळ्यांत एकच भाव असतो: पुढें कांहीं तरी बरें असेल. आणि अमेरिकेचा खरा अर्थ महाराष्ट्रास ज्यांनीं प्रथम समजावून दिला, त्यांच्यापैकीं एकाचें घर तर ह्या चौकापासून पायीं जाण्याच्या टप्प्यांत आहे.

तें घर गंज पेठेंत आहे. ह्या पेठेस आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. जोतीराव फुले अमेरिकेस कधींच गेले नाहींत. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या ह्या तरुणाच्या हातीं थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ पडला. अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांनीं चालविलेली मुलींची शाळा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. आणि १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढिली. पुढें अमेरिकेंत मोठें यादवी युद्ध झालें, आणि १८६५ सालीं त्या देशानें आपल्या घटनेंत दुरुस्ती करून गुलामगिरी बंद केली. ही गोष्ट जोतीरावांच्या मनावर कोरली गेली. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध करतांना त्यांनीं तो, गुलामांना दास्यांतून सोडविण्याच्या कामीं औदार्य आणि स्वार्थत्याग दाखविल्याबद्दल, अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीं त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची आशा होती.

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, जोतीरावांच्या अमेरिकेंत सोन्याच्या खाणी नव्हत्या आणि उंच इमारतीही नव्हत्या. आपल्याच घरांतील अन्याय ओळखून, प्रचंड किंमत देऊन, आपल्याच हातांनीं बेड्या तोडणारें राष्ट्र, एवढीच त्यांची अमेरिका होती. आणि ती पाहण्यासाठीं बोटीचें तिकीट काढण्याची त्यांस गरज वाटली नाहीं. ग्रंथ लिहिण्यापूर्वीं पांच वर्षें, १८६८ सालीं, त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला होता. स्वातंत्र्य ही गोष्ट त्यांनीं दुसऱ्याच्या तहानेपासून मोजावयास आरंभ केला, असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट आनंदीबाई जोशी यांची. कल्याणच्या यमुनेचें लग्न नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें आणि ती आनंदीबाई झाली. चवदाव्या वर्षीं तिला मूल झालें तें दहा दिवसांत गेलें. वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर तें वांचलें असतें, हें शल्य तिच्या मनांत राहिलें. त्या काळीं पुरुष डॉक्टरापुढें आपलें दुखणें सांगण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या बायका घरोघरीं होत्या. आनंदीबाईंची अमेरिका ह्या दुःखांतून जन्मली. गोपाळरावांनीं वायल्डर नांवाच्या एका अमेरिकन मिशनरी गृहस्थांस पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर आलें कीं, ख्रिस्ती धर्म स्वीकाराल तर साहाय्य करतां येईल. जोशी पतिपत्नींनीं तें मानलें नाहीं. परंतु तो पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकांत छापला गेला, आणि दंतवैद्याच्या दवाखान्यांत खोळंबून बसलेल्या श्रीमती कार्पेंटर या बाईंच्या सहज वाचनांत आला. ह्या बाईंनीं कसलीही अट न घालतां आनंदीबाईंस आपल्या घरीं बोलाविलें. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेच्या अंकांत ही हकीकत आम्ही मुद्दाम देत आहों; धर्माचें नांव घेऊन अट घालणें आणि धर्म जगून दार उघडणें, ह्यांतील भेद आमच्या विद्यार्थ्यांस कळावा म्हणून.

१८८३ सालीं कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथें जाहीर सभेंत उभें राहून आनंदीबाईंनीं सांगितलें कीं, आपण हिंदू म्हणून जाऊं आणि हिंदू म्हणूनच परत येऊं. पतीस मागें ठेवून ती बोटीनें निघाली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत थंडीशीं व आजाराशीं झगडत तिनें अभ्यास पुरा केला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली. परंतु परत आली ती क्षयानें खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत तिचें देहावसान झालें; बावीस वर्षें पुरीं होण्यास एक महिना उरला होता. तिची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आली आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्यांच्या कौटुंबिक दफनभूमींत ती आजही विसावली आहे. स्वारगेटवर कोल्हापूरची गाडी लागलेली दिसली कीं आम्हांस कधीं कधीं ह्या बाईंची आठवण होते. अमेरिका तिनें गांठली. कोल्हापूर मात्र तिला गांठतां आलें नाहीं.

मग तिचें स्वप्न फसलें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर तिसऱ्या गोष्टींत आहे. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास इंग्लंडहून एक पाहुणी आली होती. ती पंडिता रमाबाई. संस्कृत विद्येबद्दल कलकत्त्याच्या पंडितांनीं गौरविलेली, दुष्काळांत आईबाप गमावलेली, थोड्याच वर्षांच्या संसारानंतर विधवा झालेली, लहान मुलीस घेऊन परदेशीं गेलेली ही बाई १८८३ सालींच इंग्लंडांत ख्रिस्ती झाली होती. एकीनें आपला धर्म न सोडण्यांत स्वातंत्र्य मानलें, दुसरीनें आपल्या मनाला पटलेला धर्म घेण्यांत. परंतु रमाबाईंची कथा एवढ्यावर संपत नाहीं. पुण्याच्या शास्त्रीमंडळींपुढें जशी त्यांनीं मान तुकविली नाहीं, तशीच इंग्लंडांतील धर्मगुरूंनीं ‘असेंच मान’ म्हणून सांगितलेलेंही त्यांनीं विचार केल्यावांचून मानलें नाहीं. आपली सदसद्विवेकबुद्धि कोणाच्याही हवालीं न करणें, हें त्यांचें स्वातंत्र्य होतें.

अमेरिकेंत त्या दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धति शिकल्या, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि तें दिवंगत आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केलें. बोस्टन येथें त्यांच्या कार्यास द्रव्य पुरविणारी संस्था स्थापन झाली. परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं त्या देशाचें लोकस्थितिवर्णन मराठींत प्रसिद्ध केलें. तेथील स्त्रियांच्या शिक्षणाचा व संस्थांचा त्यांनीं मनापासून गौरव केला. पण त्यांस तें सर्व झगडून मिळवावें लागलें हेंही त्यांनीं पाहिलें. राष्ट्रीय घटनेनें त्या देशांतील स्त्रियांस मताचा अधिकार दिला तो १९२० सालीं. स्वातंत्र्याच्या देशांतही अर्धी प्रजा जाहीरनाम्यानंतर जवळजवळ दीडशें वर्षें दाराबाहेर होती.

११ मार्च १८८९ रोजीं, आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, मुंबईंत रमाबाईंचें शारदासदन उघडलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यांत आलें. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनीचें नांव गोदूबाई. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला; त्याच कर्व्यांनीं पुढें विधवांसाठीं आश्रम आणि १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें. शारदासदनावर मोठें वादळ आलें, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि रमाबाई शेवटीं केडगांवीं जाऊन दुष्काळांतून सोडविलेल्या शेंकडों निराधार बायकामुलांत राहिल्या. म्हणून आम्ही म्हणतों, आनंदीबाईंचें स्वप्न फसलें नाहीं. फिलाडेल्फियाच्या त्या समारंभाला लागून जो धागा निघाला, तो बोस्टनहून मुंबईस, मुंबईहून पुण्यास आणि पुण्याहून पुढें कोठें कोठें गेला, हें आज आमच्या वर्गांत बसणाऱ्या प्रत्येक मुलीनें लक्षांत ठेवावें.

ह्यानंतरच्या पिढींत तिकडे गेलेल्या मंडळींच्याही अमेरिका निरनिराळ्याच होत्या. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं गेले, कॉर्नेल विद्यापीठांत जातिसंस्थेचा अभ्यास करून परतले आणि पुण्यास त्यांनीं ज्ञानकोशाचे तेवीस विभाग पुरे केले. त्यांची अमेरिका ग्रंथालयांत होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतकी शिकतां शिकतां गदर चळवळींत शिरले. स्वदेशाचें स्वातंत्र्य हेंच त्यांचें स्वप्न. मायदेशाचें दार बंद झाल्यावर त्यांनीं मेक्सिकोंत मक्याच्या सुधारणेस आयुष्य वाहिलें; आणि दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांस भाकरी वांटणाऱ्याचें स्थान दिलें. आणि १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तेथें तीन वर्षें ते सर्वांच्या पंक्तीस बसले, सर्वांच्या बरोबरीनें वाचले. परंतु १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांस राहावयास जागा मिळेना. जात लपवून उतरलेल्या पारशी धर्मशाळेंतूनही त्यांस बाहेर काढण्यांत आलें. स्वातंत्र्याची चव घेतलेल्या मनुष्यास पारतंत्र्य किती अधिक बोंचत असेल! तरी ते परत पळाले नाहींत. २० मार्च १९२७ रोजीं त्यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हजारों बांधवांसह ओंजळींत घेतलें. गंज पेठेंतल्या हौदापासून महाडच्या तळ्यापर्यंतची वाट एकच आहे, आणि ती मध्यें न्यूयॉर्कवरून जाते, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

त्या देशानें सर्वांस सदैव दार उघडें ठेविलें होतें, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून वसाहतीस जाणाऱ्या मजुरांस बंदी झाली. १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नाहीं म्हणून नागरिक होऊं शकत नाहीं, असा निकाल दिला. आणि ज्यांस नागरिकत्व मिळालें होतें अशा कित्येकांचें तें काढून घेण्यांत आलें. १९४६ सालीं कायदा बदलला, तोही वर्षास शंभर माणसांपुरता. खरें दार उघडलें तें १९६५ च्या कायद्यानंतर. आजचे डॉक्टर, इंजिनियर, संगणकतज्ज्ञ हे त्या दारानें गेले; त्यांनीं तेथें महाराष्ट्र मंडळें काढलीं, गणेशोत्सव बसविले. परंतु आजही कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळण्यासाठीं हिंदी माणसास वर्षानुवर्षें रांगेंत तिष्ठावें लागतें.

हा सर्व इतिहास आम्हांस एका सायंकाळीं फार उपयोगीं पडला. स्वारगेटजवळच्या एका चाळवजा इमारतींत राहणारें एक कुटुंब सल्ला विचारण्यासाठीं आमच्याकडे आलें. मुलगा आमचा माजी विद्यार्थी, इंजिनियर झालेला, अमेरिकेंतील एका विद्यापीठाचें प्रवेशपत्र हातांत. वडील रिक्षा चालवितात. कर्ज काढावयाचें तर दोन खोल्यांचें राहतें घर गहाण टाकावें लागणार होतें. वडील म्हणाले, “सर, मी आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या ठिकाणीं पोंचवलें. आतां एकदां ह्याला पोंचवूं द्या.” त्यांचें सुख मुलाच्या विमानांत बसलें होतें. मुलाची आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मला मोठें घर नको आणि छोटेंही नको. संध्याकाळीं ह्यानें दाराची कडी वाजवली म्हणजे माझा दिवस संपतो. तेवढेंच.”

मुलाचे आजोबा भिंतीस टेकून बसले होते. ते हसून म्हणाले, “सर, माझी अमेरिका हीच. बहात्तरच्या दुष्काळांत माण तालुक्यांतनं आलो आणि ह्या स्टँडावर उतरलो. परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते. बाजारांत हमाली धरली. पहिल्या आठवड्याची मजुरी हातांत पडली आणि कुणाला न विचारतां पोटभर जेवलो. त्या दिवशीं वाटलं, आपण सुटलो.” ह्या वृद्ध गृहस्थांनीं त्या एका वाक्यांत स्वातंत्र्याची जी व्याख्या केली, तिला कोणत्याही ग्रंथाच्या व्याख्येपुढें लाजण्याचें कारण नाहीं. खेड्यांतून रोज ह्या चौकांत उतरणाऱ्या शेंकडों माणसांचें अमेरिकेस जाणारें जहाज म्हणजे एस. टी. ची तांबडी गाडीच होय.

इतक्यांत, आतांपर्यंत कोणी जिच्याकडे पाहिलें नव्हतें ती मुलाची धाकटी बहीण बोलली. ती आमच्या शाळेंत नववींत आहे. ती म्हणाली, “दादासाठीं घर गहाण टाकाल. माझ्या शिक्षणाची वेळ आली म्हणजे मग काय गहाण टाकाल?” खोलींत एकदम शांतता झाली. वडिलांनीं मान खालीं घातली. भावानें प्रवेशपत्राची घडी केली. स्वप्न पाहण्याचा हक्क सर्वांस आहे हें खरें. परंतु एकाच्या स्वप्नाची किंमत घरांतील दुसऱ्या कोणाकडून, तिला न विचारतां, वसूल होत असते, हें त्या मुलीनें आम्हां सर्वांस दाखविलें. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सन यांच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांनीं बोलावयाचें ठरविलें असतें, तर त्यांनींही दुसरें काय विचारिलें असतें?

आम्हीं त्या मुलास एकच प्रश्न केला. “तुला तेथें जाऊन काय मिळवावयाचें आहे, तें एका वाक्यांत सांग, मात्र त्या वाक्यांत अमेरिका हा शब्द येऊं देऊं नको.” तो पुष्कळ वेळ विचार करीत बसला. शेवटीं म्हणाला, “सर, भूकंपांत कोसळणार नाहींत अशीं स्वस्त घरें बांधावयास मला शिकायचें आहे.” १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या गोष्टी त्यानें लहानपणीं वडिलांकडून ऐकल्या होत्या. वडिलांनीं त्याच्याकडे चमकून पाहिलें. आपल्या मुलाच्या मनांत पगाराच्या आंकड्याहून निराळें कांहीं आहे, हें त्यांस त्या दिवशीं प्रथमच कळलें. मग बोलण्याचा ओघच बदलला. ही विद्या आपल्या देशांत कोठें शिकतां येते, कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत, प्रवेश एक वर्ष राखून ठेवतां येईल काय, अशी चर्चा रात्रीपर्यंत चालली. पुढें विद्यापीठानें प्रवेश एक वर्ष राखून ठेवला. मुलानें येथेंच नोकरी धरली. घर गहाण पडलें नाहीं. तो जाईल किंवा येथेंच शिकेल, हें आज आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु कशासाठीं हें आतां त्याला ठाऊक आहे.

विद्यार्थीमित्रहो, परदेशीं जाऊं नका असें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच नाहीं. आनंदीबाई, रमाबाई, आंबेडकर गेले नसते तर महाराष्ट्र आज आहे त्याहून अधिक दरिद्री असता. जे तेथेंच राहिले त्यांस नांवें ठेवण्याचाही आमचा हेतु नाहीं. पोंचलेल्या ठिकाणीं प्रामाणिकपणें कष्ट करणारा कोणत्याही देशांत परका राहत नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, आपल्या उणिवेस आधीं तिच्या खऱ्या नांवानें हाक मारावयास शिका. खोली हवी असेल तर खोली म्हणा, मोकळीक हवी असेल तर मोकळीक म्हणा, मान हवा असेल तर मान म्हणा. त्यांतील कांहीं गोष्टी समुद्रापलीकडे मिळतील. कांहीं गोष्टी मात्र आपल्याच घरांत, आपल्याच आळींत, भांडून किंवा समजावून मिळवाव्या लागतील. ‘कोठें होतीस?’ हा प्रश्न ज्या घरांत मुलीलाच विचारला जातो आणि मुलास विचारला जात नाहीं, त्या घरांतील मुलीस स्वातंत्र्यासाठीं दहा हजार मैल जावें लागूं नये. एवढी व्यवस्था आईबापांना बसल्या जागीं करतां येण्यासारखी आहे.

पालकवर्गासही एक विनंति आहे. मुलांचीं स्वप्नें ऐकतांना पगाराचा आंकडा शेवटीं विचारा. आणि घरांत जो सर्वांत कमी बोलतो, त्यास सर्वांत आधीं विचारा.

धन्यानें दिलेलें द्रव्य भुईंत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आमच्या मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. त्या चाकरानें चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. त्याला मिळालेलें त्याच्यापाशींच राहिलें, एवढाच त्याचा अपराध. स्वातंत्र्याचेंही तसेंच आहे. तें आपल्यापुरतें जपून ठेविलें तर गंजतें. दुसऱ्याच्या हातीं दिलें तर वाढतें. सुखाचा शोध घेण्याचा हक्क प्रत्येकास आहे. त्या शोधांत आपल्या हौदाचें पाणी किती जणांची तहान भागवितें, एवढें ज्यानें वर्षअखेरीस मोजून पाहिलें, त्याची अमेरिका स्वारगेटला असो कीं सातासमुद्रांपलीकडे, त्याला ती सांपडली असें खुशाल समजावें.